साकवाचं लग्न

एका जंगलात, मुलांनो, कुठलंही काम करण्याआधी त्या कामाच्या शब्दाचा अर्थ ठरवावा लागे. त्यासाठी एक समिती होती. अर्थ ठरण्याआधीच जो काम करी, त्याचं तोंड महिनाभर बांधून ठेवत. त्यामुळे त्या जंगलात चुका फार कमी होत. कामंही कमीच होत.

तिथे अंगभर काटे असलेली साळूबाई साळिंदर राहत होती. एके दुपारी ओढ्यावरचा बांबूचा साकव मधोमध मोडला. साळूबाई अलीकडे राहिली आणि तिची दोन पिल्लं पलीकडे. ओढा भरून वाहत होता. पिल्लं अजून अंगावर पीत होती.

साळूबाई धावत सुतारपक्ष्याकडे गेली.

"मामा, साकव तेवढा जोडून द्या."

सुतारपक्ष्यानं पाहिलं. दोन्ही तुकड्यांची टोकं हातभर अंतरावर लोंबत होती. "एक चिवट वेल आणि एक घट्ट गाठ. घटकाभराचं काम. पण बाई, 'जोडणे'चा अर्थ ठरलाय का?"

"नाही."

"मग मला माझी चोच प्रिय आहे."

समिती ओढ्याकाठी बसली. अध्यक्ष होते गवेसाहेब, चिटणीस टिटवी.

"जोडणे म्हणजे काय?" गवेसाहेबांनी विचारलं.

"हात जोडणे," टिटवी म्हणाली.

गवेसाहेबांनी साकवापुढे पुढचे दोन्ही पाय जोडले आणि ते तोंडावर आपटले. साकव होता तसाच राहिला.

"अर्जाला कागद जोडणे," टिटवी म्हणाली. तिनं साकवाला एक पान टाचलं. ते वाहून गेलं.

"माणसं जोडणे?"

"इथे माणसं नाहीत," गवेसाहेब अंग झटकत म्हणाले. "असती तर आणखी एक समिती लागली असती."

पलीकडून पिल्लांचं रडणं ऐकू आलं. साळूबाईच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला.

"साहेब, पोरं उपाशी आहेत हो!"

"बाई, घाईनं अर्थाचा अनर्थ होतो. बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी पिल्लांचा आवाज बारीक झाला होता. आणि टिटवी एकदम ओरडली, "नातं जोडणे!"

गवेसाहेबांचे डोळे चमकले. नातं म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे पंगत. लगेच ठरलं, साकवाच्या दोन तुकड्यांचं लग्न लावायचं. अलीकडचा वर, पलीकडची वधू.

"वधूकडचं कुणीच कसं नाही?" गवेसाहेबांनी विचारलं.

"साकव मोडलाय ना," साळूबाई म्हणाली.

"बोलावूनही येत नाहीत म्हणजे काय! फारच मिजास आहे."

कुणीतरी अंतरपाट आणायला निघालं. टिटवीनं त्याला थांबवलं. मध्ये ओढा होताच. मग तिनं चढ्या आवाजात मंगलाष्टकं म्हटली. सगळ्यांनी रानतांदळाच्या अक्षता टाकल्या. त्याही वाहून गेल्या.

"झालं! जोडले गेले!" गवेसाहेब म्हणाले. "पानं मांडा."

पलीकडे एक पिल्लू बसल्या जागी आडवं झालं. साळूबाई पुढे झाली.

"साहेब, वधूवरांची गाठ बांधायची राहिली की!"

वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. बिनगाठीचं लग्न! चार जंगलांत तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

"गाठ बांधतं कोण?" गवेसाहेबांनी घाईनं विचारलं. भात निवत चालला होता.

"आमच्यात मामा बांधतो," साळूबाई म्हणाली. त्यांच्यात असं काही नव्हतं.

सुतारपक्षी अडखळत म्हणाला, "पण साहेब, 'बांधणे'चा अर्थ..."

"अरे, ही रीत आहे!" गवेसाहेब कडाडले. "रीतीचा अर्थ कधी कुणी विचारतं का?"

सुतारपक्ष्यानं वेल घेतली. अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे असे चार फेरे घातले आणि करकचून गाठ मारली. साकव सांधला. एक पिल्लू धावत निघालं, दुसरं त्याच्यामागून लडखडत आलं.

"अहो, नव्या नवरीवर पाय!" टिटवी किंचाळली.

"नवरीची पाठराखण आहे ती," साळूबाई म्हणाली आणि समितीकडे पाठ करून पिल्लांना पाजायला बसली.

समितीनं जेवून वहीत लिहिलं, 'जोडणे : अर्थ विचाराधीन.'

आता त्या जंगलात समितीकडे अर्ज येत नाहीत, आमंत्रणं येतात. परवाच सशाच्या मोडक्या दाराची मुंज झाली.

तात्पर्य : मुलांनो, कामाचा अर्थ विचारणारे पुष्कळ भेटतील. जेवणाचा अर्थ कुणी विचारत नाही. म्हणून काम अडलं की अर्ज करू नये, पानं वाढावीत.