उन्हात ठेवलेली बाटली

लेकीचे, म्हणजे ओल्फाचे, होणारे सासरे दुपारी जेवायला येणार होते. अशा दिवशी नवऱ्याने अंगणात असावं, त्याच्या हातात काहीतरी काम असावं आणि तोंड बंद असावं, असा सलूहाबाईंचा नियम होता. म्हणून हादी अय्यादी सकाळीच स्कूटरचं ऑइल बदलायला बसले.

ऑइल कुठलं घालावं यावर कॉफीच्या दुकानात आठवडाभर खल झाला होता. तिजानीचा शब्द शेवटचा. तिजानीने जन्मभर स्फाक्सच्या बंदरात मोठमोठ्या बोटींची इंजिनं सांभाळली होती, त्यामुळे स्कूटर ही त्याच्या लेखी एक अशक्त बोटच होती.

"घट्ट घाल, हादी. म्हातारी झालीय गाडी. पातळ घातलंस तर सगळं पिऊन टाकेल आणि गावभर धूर ओकत फिरेल."

"धूर तर आत्ताही ओकते."

"मग अजून घट्ट घाल. आणि हे बघ, थंडीचे दिवस आहेत. ओतायच्या आधी बाटली जरा उन्हात ठेव. अर्धं ऑइल घालून आधी पोट धुऊन घे, ते काढून टाक आणि मग उरलेलं भर. माणूस काय, इंजिन काय, पोट साफ तर सगळं साफ."

हादींनी पिंपातलं सुटं ऑइल आणलं. बाटली घरूनच नेली होती, पाण्याची. स्फाक्समध्ये पाण्याची रिकामी बाटली फेकणाऱ्याला लोक उधळ्या म्हणतात. भरलेली बाटली त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवली आणि उन्हात ठेवायचं साफ विसरले.

पण सकाळी अंगणात येऊन बघतात तो काय, कठड्यावर कोवळ्या उन्हात सोनेरी बाटली झळकते आहे! हादींना भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात सलूहाने स्कूटरला 'ते खटारं' याशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं. आणि आज, पाहुण्यांच्या गडबडीतसुद्धा, बिचारीने आठवणीने ऑइल उन्हात ठेवलं! भरल्या मनाने त्यांनी खालचा नट सैल केला, काळं ऑइल परातीत सोडलं, अर्ध्या बाटलीने पोट धुतलं, तेही सोडून दिलं आणि उरलेलं आत भरलं. मापाची काडी खुणेला बरोब्बर लागली. किक मारली. स्कूटर अशी गोड बोलू लागली की हादींना वाटलं, तिलाही भरून आलंय.

"हादी, माझी बाटली कुठे आहे?" सलूहाबाई दारात उभ्या होत्या.

"तुझी कुठली?"

"इथे उन्हात ठेवलेली. थंडीने तेल गोठलं होतं. माझ्या बाबांच्या ऑलिव्हच्या झाडांचं, यंदाच्या पहिल्या घाण्याचं. बाकीची फळं अजून घाण्यावर रांगेत पडलीत."

हादींनी स्कूटरकडे बघितलं. सलूहाबाईंनी हादींकडे बघितलं. मग दोघांनी परातीकडे बघितलं.

"अर्ध्याने पोट धुतलं," हादी पुटपुटले.

"कोणाचं पोट?"

"हिचं."

सलूहाबाई कठड्यावर बसल्या. होणारे व्याही, सी मोख्तार म्हणजे मोख्तारराव, साहेल किनाऱ्यावरच्या महदियाचे. मागच्या खेपेला ते, 'लल्ला' म्हणजे बाईसाहेब असा मान देत, हसत म्हणाले होते, "लल्ला सलूहा, स्फाक्सवाले मेहनती खरे, पण तेल म्हणजे आमच्या साहेलचंच." सलूहाबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं होतं, "आधी माझ्या बापाच्या झाडांचं तेल चाखा, मग सुपारीची बोलणी करू." वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आज ताटात तेल नाही, वडिलांची अब्रू वाढायची होती.

"घरात गेल्या वर्षीचं असेल ना?" हादींनी विचारलं.

"तळायचं आहे. ते ठेवलं तर तो माणूस नुसत्या वासाने जिंकेल."

"शेजारून..."

"शेजारून तेल मागू? मी? शुद्धीवर आहेस का?"

हादी निमूटपणे स्कूटर काढून घाण्याकडे सुटले. वाटेत त्यांना कळेना, सगळे आपल्याकडे असे का बघताहेत. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली. "काका, इथे गरम भजी कुठे मिळतात हो? वास तर अगदी जवळून येतोय." एक मांजर दोन गल्ल्या मागे मागे आलं. घाण्यावर मालक म्हणाला, "तुमची पोती उद्या. आज देवाने येऊन सांगितलं तरी उद्याच."

ते परतले तेव्हा सी मोख्तार बैठकीत बसलेही होते आणि त्यांच्या पायाशी भेट म्हणून आणलेला, महदियाच्या तेलाचा डबा होता.

हादींनी स्वयंपाकघरात येऊन मान हलवली. सलूहाबाई दारातून दिसणाऱ्या डब्याकडे एकटक बघत राहिल्या.

"उम्मी," ओल्फा हळूच म्हणाली, "नको हं. मी हात जोडते."

"काय नको? पाहुण्याने आणलंय, पाहुण्यालाच वाढते. यात पाप कुठलं?"

आभार मानत त्यांनी डबा आत आणला, गुपचूप उघडला; वाडग्यात तेल आलं, गरम पाव आला. सी मोख्तारांनी पावाचा तुकडा बुडवला, डोळे मिटले, सावकाश चघळला.

"बरं आहे," सी मोख्तार म्हणाले. "वाईट नाही म्हणणार मी. पण लल्ला, राग मानू नका, घशाला जरा ओरखडा येतो. आमच्या तेलात कशी माया असते! तुम्ही तो डबा उघडा म्हणजे कळेल."

ओल्फाने पदार्थ आणायच्या निमित्ताने आत पळ काढला आणि आतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता. एक वाक्य बोललं तर बापाची अब्रू राहत होती आणि पोरीचं लग्न जात होतं. सलूहाबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पेला संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "थोडा ओरखडा आहे खरा."

जेवण झालं, पण बोलणी काही पुढे सरकेनात. सी मोख्तार जिंकलेल्या माणसासारखे उदार झाले होते, आणि सलूहाबाई हरलेल्या माणसासारख्या नम्र. घरात कोणालाच याची सवय नव्हती. अखेर सी मोख्तार उठले. "सी हादी, मला जरा स्टेशनपर्यंत सोडता?"

अंगणात हादींनी किक मारली. निळसर धूर भप्पकन सगळ्या अंगणात पसरला. सी मोख्तार स्कूटरवर टांग टाकता टाकता एका पायावर थांबले. नाक वर झालं, डोळे मिटले.

"लल्ला सलूहा! आत काय तळताय?"

"काही नाही."

"नाही कसं? हे तेल... अहो, हे तेल! ताज्या पानांचा वास आहे याला. नुकत्याच तोडलेल्या बदामाचा आहे. हे कुठलं?"

"माझ्या बाबांच्या झाडांचं," सलूहाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सकाळनंतर पहिल्यांदा जागेवर आला होता.

"मग मघाशी हे का नाही वाढलंत?"

"हे आम्ही स्कूटरला घालतो."

हादींनी डोळे गच्च मिटून घेतले. ओल्फाने दाराची चौकट धरली. सी मोख्तार स्कूटरची सीट बडवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हरलो! साफ हरलो! पाहुण्याला साधं वाढायचं आणि वर सांगायचं की चांगलं आम्ही स्कूटरला घालतो! एवढा माज आमच्या अख्ख्या साहेलमध्ये सापडणार नाही. अशा घरची मुलगी मी सोडतो होय? या रविवारी मुलाला घेऊन येतो. पण एक अट, त्या स्कूटरच्या तेलातलं एक पिंप मला लागेल!"

"देऊ की," सलूहाबाई म्हणाल्या. "तिला पुरून उरलं तर."

संध्याकाळी हादी परात आणि पाना घेऊन पुन्हा अंगणात बसले. "काढून टाकतो गं. इंजिन खराब होईल."

"उद्या काढ," सलूहाबाई कठड्यावर टेकत म्हणाल्या. त्यांनी अंगणातल्या हवेत एक लांब श्वास घेतला. "बाबांना फिरायची फार हौस होती. जा, कॉफीच्या दुकानापर्यंत एक चक्कर मारून ये."

दुकानापाशी तिजानी खुर्चीतून उठून उभाच राहिला. "अरे, काय गोड चालतेय ही! सांगितलं होतं ना, पोट धुऊन घे म्हणून? कुठल्या कंपनीचं घातलंस?"

हादींनी स्कूटर स्टँडला लावली.

"सासऱ्यांच्या."