बाळारामशेठचा भोंगा

जानेवारीतला दुसरा रविवार. संघ आठ, प्रवेश फी प्रत्येकी पंधराशे, एकूण जमा बारा हजार. हजर: आठही संघांचे खेळाडू, खजिनदार म्हणून मी आणि भोंग्यावर स्वतः मैदानमालक बाळाराम भोईर. पहिला सामना सुरू होतो न होतो तोच बाळारामशेठनी माइक तोंडाशी धरला.

"आणि मंडळी, टायरांच्या थप्पीमागं दबा धरून बसलेत ए विंगचे तडफदार खेळाडू देशमुखसाहेब. गुडघा दुखतोय, पण माणूस जिद्दी हाय."

पुढच्याच क्षणी देशमुखांच्या हेल्मेटवर पिवळी गोळी फुटली आणि ते बाद झाले.

पेंटबॉल हा लपण्याचा खेळ आहे. हातात रंगाच्या गोळ्यांची बंदूक घ्यायची आणि ड्रम, टायर यांच्या आडून समोरच्या संघाला टिपायचं. अशा खेळाचं धावतं समालोचन भोंग्यावरून करणारा दुसरा मालक निदान माझ्या ऐकिवात नाही. बाळारामशेठनी उमेदीत गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत माइक गाजवला होता. तोंड त्याच वळणाचं राहिलं.

मी अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. पालेगावात आमची इमारत त्यांच्या जमिनीला लागून आहे. आजूबाजूची शेतं विकून टॉवर झाले, मधला यांचा तुकडा तेवढा राहिला. माझ्या वाळत घातलेल्या शर्टावर एकदा निळा ठिपका आला, म्हणून मी शर्ट घेऊन भांडायला गेलो. शर्टाची किंमत, वापराची वर्षं आणि त्यानुसार होणारी घट, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कांबळेसाहेब, मना असाच माणूस पायजे व्हता," ते म्हणाले. मी खजिनदार होऊन घरी आलो.

वह्या पाहिल्यावर मी स्पष्ट सांगितलं, की शनिवारच्या वाढदिवस पार्ट्यांवर मैदान चालणार नाही. गोळ्या, बंदुकांचा गॅस, पोरांचा पगार यातच सगळं जातं.

"बराबर," ते म्हणाले. "वाढदिवस वरसातून एकदा. दुश्मनी बारमाही पीक हाय."

मग त्यांनी पेरणी केली. आमच्या इमारतीतल्या बी विंगच्या सेक्रेटरीला ए विंगची एक गोष्ट सांगितली, ए विंगला बी विंगची. आमच्या कारखान्याबाहेरच्या टपरीवर चहा घेताना स्टोअरवाल्यांना फक्त एवढंच म्हणाले, "पॅकिंगवाले तुमच्याबद्दल काय बोलतान, ते मी नाय सांगनार." आणि कप ठेवून निघून गेले. त्याच आठवड्यात दोन्ही विभागांनी संघ नोंदवले. उल्हासनगरच्या जीन्स बाजारात जाऊन विकी नावाच्या तरुण व्यापाऱ्याला सांगितलं, "अंबरनाथवाले बोलतान, तुमाला भाव करता येतो, नेम धरता येत नाय." विकी छापील जर्स्यांसकट अख्खा संघ घेऊन आला. जाहिरातीचा खर्च मी चहाचे साठ रुपये मांडला आहे.

पण त्या रविवारी अंतिम सामना हरल्यावर हाच विकी हेल्मेट काढून समोर उभा राहिला.

"काका, तुम्ही बोलता आणि आम्ही मरतो. आम्हाला सीरियस खेळायचंय. भोंगा राहिला तर आम्ही नाही येणार. बाकीच्यांना पण पूछो."

देशमुखांनी गुडघा चोळत मान हलवली. बाकीचे कप्तान जमिनीकडे बघत राहिले, म्हणजे त्यांचंही तेच होतं. संघ गेले तर तीन महिन्यांत मैदान बंद, एवढं गणित माझं पाठ होतं. बिल्डरचा माणूस दोनदा मिठाई घेऊन येऊन गेला होता.

"शेठ, भोंगा बंद करा," मी म्हणालो.

ते वायर गुंडाळत होते. "बंद केला, तर खेल कसा कलंल?"

"मैदानावरच्यांना दिसतो की."

त्यांनी वायरचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि ते घराकडे निघाले.

फेब्रुवारीतल्या स्पर्धेला भोंगा नव्हता. बाळारामशेठ फक्त शिट्टी घेऊन उभे होते. ओठ मात्र हलत होते. सामने रंगले, हे मला मान्य करावं लागलं. अंतिम सामन्यात आमच्या स्टोअरची सायली जाधव एकटी उरली. ड्रमच्या मागे निपचित पडून राहिली आणि विकीचे शेवटचे दोघंही तिने टिपले. विकीने स्वतः टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या महिन्याची फी जागेवर भरली.

संध्याकाळी हिशेब द्यायला मी मैदानाच्या कडेला असलेल्या त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत खाटेवर त्यांचे थोरले भाऊ अनंतदादा बसले होते. एके काळी गावाच्या कबड्डी संघाचे चढाईपटू. साखरेच्या आजारात दृष्टी गेली, तेव्हापासून ते बाहेर पडत नाहीत. बाळारामशेठ पायाशी बसून हलक्या आवाजात बोलत होते. भोंग्याचं तोंड इतके दिवस कुणासाठी उघडत होतं, ते मला तेव्हा कळलं.

"... पोर ड्रमाच्या मागं. एकटी. विकीचा गडी डाव्या अंगानं सरकतोय..."

"आन ती?"

"हलत नाय, दादा. पार मातीला चिकटली हाय."

"हलू नको गो," दादा पुटपुटले.

सकाळचा सामना एका प्रेक्षकासाठी पुन्हा चालला होता. मी तो संपेपर्यंत दारातच थांबलो. शेवटचा गडी बाद झाला, तसं दादांनी मांडीवर थाप मारली आणि उशीखाली हात घालून एक नोट चाचपून काढली. चांगल्या चढाईवर प्रेक्षकांनी जागेवर बक्षीस लावायचं, हा कबड्डीतला जुना रिवाज.

"खजिनदार आयलेत," बाळारामशेठ म्हणाले.

"मंग लिवा," दादा म्हणाले.

मी पावती फाडली. रुपये शंभर, अनंत भोईर यांजकडून, ड्रममागच्या खेळाबद्दल. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते मी सायली जाधवच्या हातात दिले.