मारुतीतात्यांचा जोड

सोनारीच्या यात्रेत मारुतीतात्यांची एक वहाण कुणीतरी उचलली. फक्त एक. दुसरा कुणी असता तर चार शिव्या हासडून उरलेली पिशवीत टाकली असती. तात्यांनी ती देवळाच्या पायरीवर नीट मांडून ठेवली आणि अनवाणीच एसटीत येऊन बसले.

"ज्यानं एक नेली त्येला दुसरी लागंल की," मला म्हणाले. "एकलं काय कामाचं?"

हे 'एकलं काय कामाचं' त्यांच्या तोंडात कायम. जगात जे जे दोन, ते ते तात्यांच्या लेखी जोड. वहाणांचा जोड, धोतराचा जोड, बैलांचा जोड, नवराबायकोचा जोड. भाकरीला कालवणाची जोड, तुटल्या दोराला गाठीची जोड, रविवारला लागून सण आला तर तोही जोडच! हॉटेलात दोन कप चहा मागवायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे. घरात दोन थाळ्या, दोन तांबे, दोन घोंगड्या. आणि गंमत बघा, माणूस सडाफटिंग. लग्नच केलेलं नाही.

"तात्या, तुमचा जोड कुठं अडकला?" आम्ही चिडवायचो.

"गोठ्यात हाय. हौशा आन् नवशा."

"मग दुसरी थाळी कुणाला?"

"असू द्या. येईल कुणी."

ती थाळीही रोज घासली जायची. येत कुणी नव्हतं. मी भिंतीला भिंत लागून राहायचो, पण मीही कधी जेवायला गेलो नाही. खोटं कशाला बोलू?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, गावच्या सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली. मी सोसायटीत कारकून, म्हणून वैरण वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळी आधी रात्रीतून कोणतं जनावर गेलं ते बघायचं, मग पेंढ्या वाटायच्या.

हौशा उजवा बैल, नवशा डावा. औताला तसेच, छावणीत बांधले तरी तसेच, आणि दोघांची तोंडं एकाच पाटीत. एका सकाळी नवशा बसला तो उठलाच नाही. आम्ही चौघांनी त्याला ओढत माळाच्या कडेला नेलं. तात्या मागं आले नाहीत.

त्या दिवसापासून हौशानं वैरणीला तोंड लावलं नाही. उजव्या अंगाला उभा राहायचा, डावी जागा मोकळी सोडून. आधीच हाडांचा सापळा, त्यात उपास. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन आले.

"तात्या, उमरग्याचा व्यापारी आलाय. मरायच्या आत देऊन टाका. तुमीच म्हणता की, एकलं काय कामाचं!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, मेल्याला लाज नाही. तात्या जन्मभर जे बोलले तेच त्यांच्या अंगावर आलं होतं.

"उद्या सांगतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंढ्या घेऊन गेलो, तर नवशाच्या जागेवर तात्या बसलेले. डोकं पाटीला टेकवलेलं, हातात वाळकी भाकरी, आणि चांगला मचमच आवाज करत चावत होते. शेजारी हौशानं पाटीत तोंड घातलं होतं. काडी काडी, पण खात होता!

"तात्या, डोकं फिरलं का काय?"

"हळू बोला. त्येला एकट्यानं खायची सवय न्हाय." त्यांनी घास गिळला. "मला हाय."

मला लई लाज वाटली. छावणीच्या तोंडाशी थांबलेल्या व्यापाऱ्याला मीच हाकलून दिलं, चेअरमनला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. परत येऊन तात्यांच्या शेजारी फतकल मारली.

"तात्या, दुसरी थाळी कुठाय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बोचकं सोडलं. छावणीतसुद्धा आणली होती. धोतराच्या सोग्यानं ती दोनदा पुसली, माझ्यापुढं ठेवली आणि हातातली भाकरी अर्धी मोडून तीत टाकली.