स्थानक चार: छातीत दुखणे

वैद्यकशास्त्राच्या प्रगतीतला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे रुग्ण. तो वेळेवर आजारी पडत नाही, पडलाच तर पुस्तकाप्रमाणे पडत नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडून सुनेबद्दल सांगत बसतो. अशा माणसावर निवासी डॉक्टरांची परीक्षा घेणं हा डॉक्टरांवर अन्याय आहे.

तंजावरच्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाने हा अन्याय दूर केला. आता परीक्षेला रुग्ण येत नाहीत. प्रमाणित रुग्ण येतात, प्रत्येक स्थानकावर एक, आणि घंटेसरशी डॉक्टर एका स्थानकावरून पुढच्या स्थानकावर जातात. (बाहेर बाकावर एक गृहस्थ छातीवर हात ठेवून बसले आहेत. टोकन क्रमांक एकशे चौदा. त्यांच्याकडे येऊच.)

प्रमाणित रुग्ण दोन प्रकारचे.

पहिला रबरी. त्याला घाम येतो, धाप लागते, आणि गेल्या वर्षात तो दोनशे अकरा वेळा मेला. एकदाही नातेवाइकांनी काचा फोडल्या नाहीत. त्याच्या खोलीत एसी आहे, कारण त्याला उकाडा सोसत नाही.

दुसरा बोलका. म्हणजे संहिता पाठ करून दुखणं सांगणारी माणसं. त्यांत सर्वश्रेष्ठ शेषम्मा. निवृत्त शिक्षिका, राहणार राजवाड्यामागच्या गल्लीत, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांची संहिता अशी:

*स्थानक ४. रुग्ण: विजयलक्ष्मी, वय अठ्ठावन्न. विधवा, एकटी राहते. तक्रार: छातीत दुखणे. भाषा: तमिळ. शेवटची घंटा होईपर्यंत पात्र सोडू नये.*

शेषम्मांनी पात्र कधीच सोडलं नव्हतं. मागे खुर्चीचा पाय मोडला, तेव्हासुद्धा त्या विजयलक्ष्मी म्हणूनच पडल्या.

परीक्षेच्या दिवशी त्यांचे यजमान गोपालकृष्ण यांनी त्यांना मोपेडवरून आणून सोडलं आणि फाटकातच म्हणाले, छातीत जड वाटतंय. (टोकन एकशे चौदा ते हेच.) त्यांना टोकन काढून देऊन, बाकावर बसवून शेषम्मा पुन्हा टोकनच्या खिडकीशी धावल्या. तिथे संगीता होती.

“डॉक्टर कुठं आहेत?”

“सगळे आत, अम्मा. परीक्षा आहे ना. पेशंट तपासतायत.”

“कुठले पेशंट?”

“तुम्हीच की! चला, पहिली घंटा झाली.”

दोघीतिघींनी मिळून त्यांना आत नेलं. दार बंद झालं.

पहिली परीक्षार्थी डॉ. साईप्रिया. तिने हात धुतले (एक गुण). नाव सांगितलं (एक गुण). तपासणीस संमती मागितली (दोन गुण). शेषम्मा तमिळमध्ये म्हणाल्या, “माझं राहू दे. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखतंय. बाहेर बसलेत.”

साईप्रियाने हातातल्या कागदाकडे पाहिलं. विधवा. तिने शेषम्मांच्या खांद्यावर हात ठेवला (सहानुभूती, दोन गुण).

“ते जाऊन किती दिवस झाले, अम्मा?”

“अगं, गेले नाहीत! आत्ता बाकावर बसवून आले!”

साईप्रियाने लिहिलं: *दिवंगत पती बाहेर बसल्याचा भास. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.* वीसपैकी एकोणीस.

दुसरा डॉ. प्रवीणकुमार. तो गहिवरून म्हणाला, “ते जिथे असतील तिथे सुखात असतील.”

“ते बाकावर आहेत!” शेषम्मा ओरडल्या.

“हो, अम्मा. ते नेहमीच आपल्या जवळ असतात.”

वीसपैकी अठरा. हात धुवायचे राहिले. परीक्षक डॉ. राममूर्ती यांनी चष्मा पुसला आणि शेऱ्यात लिहिलं, “अभिनय उत्कृष्ट. मला माझी आई आठवली.”

(बाकावर आता घाम फुटला आहे. रबरी रुग्णाला फुटतो त्यापेक्षा जरा कमी, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरला नाही.)

तिसरा डॉ. कार्तिकेय. आधी दोनदा नापास. दोन्ही वेळा त्याने रुग्णाला काय होतंय हे आधी विचारलं आणि स्वतःचं नाव नंतर सांगितलं. ही त्याची शेवटची संधी. घरी आई मराठीत बोलते आणि हा तमिळमध्ये उत्तर देतो, एवढंच त्याचं मराठी.

शेषम्मांकडची तमिळ संपली होती.

“अरे लेकरा,” त्या म्हणाल्या, “आमचे हे बाहेर बसलेत रे. छातीत दुखतंय त्यांच्या. परीक्षेतलं नव्हे. खरं!”

कार्तिकेय नळाशी उभा होता. नळ सुरू होता. विजयलक्ष्मीला मराठी येत नाही. संहितेत भाषेचा रकाना स्पष्ट आहे. म्हणजे बोलत होत्या त्या दुसऱ्याच कोणी. त्याने वळून पाहिलं. कपाळावर कुंकू होतं. सकाळपासून होतं. (तपासणी-सूचीत कपाळाकडे पाहण्याला गुण नाहीत.)

“निजमा, मावशी?” अर्धं तमिळ, अर्धं मराठी, आणि ‘हो, खरंच’ ऐकायलाही तो थांबला नाही. वाटेत त्याने रबरी रुग्णाच्या छातीवरचं ईसीजीचं यंत्र वायरींसकट उपटून नेलं.

रबरी रुग्ण दोनशे बाराव्यांदा मेला.

निकाल:

डॉ. कार्तिकेय: वीसपैकी शून्य. नळ सुरू ठेवला, नाव सांगितलं नाही, स्थानक सोडलं, शेजारच्या स्थानकावरील रुग्णाच्या मृत्यूस कारणीभूत. नापास.

रबरी रुग्ण: मृत्यूची चौकशी करण्यासाठी पाच जणांची समिती.

शेषम्मा: उत्कृष्ट अभिनयाचं प्रमाणपत्र, आणि संहितेबाहेरची भाषा वापरल्याबद्दल समज.

गोपालकृष्ण: वाचले. याची नोंद नाही, कारण ते परीक्षेत नव्हते.

बरे झाल्यावर त्यांनी प्रमाणित रुग्णाच्या जागेसाठी अर्ज केला. छातीतलं दुखणं त्यांनी जसं झालं होतं तसं करून दाखवलं. निवड समितीने त्यांना नाकारलं. शेरा: पटत नाही.

*स्थानक ५. परीक्षार्थी: वाचक.*

आपणास दुसऱ्याच परिच्छेदात कळवलं होतं की एक माणूस छातीवर हात ठेवून बाकावर बसला आहे. तो कंसात होता. ‘त्यांच्याकडे येऊच’ असं आम्ही म्हणालो, आपण मान डोलावली, आणि पुढच्या दोन ओळींत रबरी रुग्णाला हसलात. त्याला घाम फुटला तोही आपण कंसातच वाचला.

घंटा झाली आहे. हात धुतले असतील तर एक गुण.