दुसरा धडा

एका जंगलात शेळ्या राहत होत्या. हसू नका रे, गोष्ट माझी आहे, मी म्हणेन तिथे शेळ्या राहतील. नदीपलीकडे सिंह राहायचे. त्यांचं मोठं विद्यापीठ होतं.

दर उन्हाळ्यात तिथले छावे शेळ्यांना सिंहभाषा शिकवायला यायचे. फुकट! सेवा म्हणून! सुट्टीपुरते ते पालासुद्धा खायचे आणि पहिला आठवडा पोट धरून बसायचे. मग शाळेची भिंत रंगवायचे. सात उन्हाळ्यांत रंगाने भिंत एवढी जाड झाली, की वर्गात निम्म्याच शेळ्या मावायच्या.

भुरी शेळी मात्र एकही दिवस चुकवत नसे. थंडीत नदी उतरली, की मोठे सिंह अलीकडे जेवायला येत. त्यांना शेळ्यांची भाषा कळायची, पण जेवताना ऐकू यायची नाही. आणि पुस्तकातला दुसरा धडाच होता, ‘कृपया मला खाऊ नका’. तेवढा एक यावा म्हणून बिचारीचा जीव टांगणीला लागला होता.

यंदा आला उग्रसेन छावा. त्याने पहिला धडा काढला. ‘नमस्कार. आपल्याला भेटून आनंद झाला.’

“दादा, हा सात वेळा झालाय हो,” भुरी म्हणाली. “यंदा दुसरा घ्या ना!”

उग्रसेनाचा चेहरा पडला. “अगं, असं नको ना बोलू! शेळ्यांना काही येत नव्हतं, मी शिकवलं, असं दाखवलं तरच मला प्रमाणपत्र मिळणार.”

त्याचे डोळे भरून आले. भुरीला गलबलून आलं. तिने मुद्दाम दोनदा चुकून पहिला धडा आठव्यांदा शिकून घेतला. निघताना उग्रसेन तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. “भुरे, तुला जन्मात विसरणार नाही!”

रडण्याच्या नादात पुस्तक मात्र विसरला. ते सापडलं गुणाजी बोकडाला. त्याने दुसरा धडा तोंडपाठ केला.

“मलाही सांगा ना, भावजी,” भुरी म्हणाली.

“ज्याचं त्याने शिकावं,” म्हणत गुणाजीने पुस्तक खाऊन टाकलं.

थंडी आली. नदी उतरली. एके सकाळी दोघं पाणी प्यायला गेली, तर समोर उग्रसेन! आयाळ आलेली, पदवी झालेली, पोट रिकामं. त्याने भुरीला ओळखलंसुद्धा नाही.

भुरीला येत होतं तेवढं ती बोलली. “नमस्कार. आपल्याला भेटून आनंद झाला.”

“वा! आणि पुढे?”

भुरीने रडवेल्या तोंडाने मान हलवली.

“पुढचं येतच नाही?” उग्रसेन हरखला. “छान, छान! अशीच राहा हं. उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ शिकवायला येतोय. त्यालाही प्रमाणपत्र लागेल की!”

गुणाजी छाती काढून पुढे सरला. खणखणीत आवाजात, एकही चूक न करता म्हणाला, “कृपया मला खाऊ नका.”

“अरे वा, तू तर शिकलेला दिसतोस!” उग्रसेन म्हणाला. “तुला आता आमच्या सेवेची गरज नाही.”

आणि त्याने गुणाजीला खाल्लं.

तात्पर्य : मुलांनो, शिकावं, जरूर शिकावं, पण पहिलाच धडा. काही येत नसलं, की थोरमोठे शिकवायला येतात. येऊ लागलं, की जेवायला.