शेवटच्या आठ गोळ्या

कात्रीसाहेबांनी अँटिबायोटिकचा कोर्स तिसऱ्या दिवशीच संपादित केला.

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे ‘कात्री’च म्हणत. तीस वर्षं एकच काम. बातमी जागेत बसत नसली, की खालून कापायची. महत्त्वाचं ते वर, खाली नुसती शेपटी. (कापण्याआधी ती वाचायचीही गरज नसते, असं ते नवशिक्यांना छातीठोकपणे सांगत.) तीन दिवसांत घसा मोकळा झाला, तसा हाच नियम त्यांनी चौदा गोळ्यांना लावला. सहा पोटात गेल्या, आठ चष्म्याच्या जुन्या डबीत.

“अहो, गोळी घेतली का?” बायको रोज विचारी.

“घेतली!” (कोणत्या दिवशी, हे ती विचारत नसे. न विचारलेली माहिती स्वतःहून द्यायची सवय त्यांना नव्हती.)

आठव्या दिवशी घसा पुन्हा धरला. नवव्या दिवशी आवाज पार बसला, आणि नेमका त्याच दुपारी शाळेत बायकोचा निरोपसमारंभ. एकतीस वर्षं गणित शिकवून ती निवृत्त होत होती. नवऱ्याकडे तिचं एकच मागणं होतं : “चारचौघांत माझ्याबद्दल दोन शब्द बोला. घरात कधी बोलला नाहीत, ते चालवून घेतलं.”

सकाळी डॉक्टरीणबाईंनी घशात बॅटरी मारली. “मागचा कोर्स पूर्ण केला होतात?”

कात्रीसाहेबांनी मान खाली घातली.

“बरं वाटलं म्हणजे जंतू संपले, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आता दुसरं औषध. दहा दिवस, वीस गोळ्या.”

शेजारी बसलेल्या बायकोने नवी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी लिहून ठेवलेलं भाषण मुलीने वाचायचं ठरलं. ती उभी राहिली आणि मुख्याध्यापिका कुजबुजल्या, “दोनच मिनिटं हं!” मुलगी कात्रीसाहेबांचीच. तिने कागद खालून दुमडला.

पहिल्या परिच्छेदात कात्रीसाहेबांचे पत्रकारितेतले लढे होते. दुसऱ्यात त्यांनी बाणेदारपणे फेकलेले तीन राजीनामे. ते तीन राजीनामे जिच्या पगारावर निभावले, ती तिसऱ्यात येणार होती. आणि शेवटच्या ओळीत, जन्मात पहिल्यांदा, ‘माफ कर’.

दुसरा परिच्छेद संपला. कात्रीसाहेब ताडकन उठले, दोन्ही हात हलवू लागले. घशातून आटलेल्या नळासारखा नुसता खरखराट आला.

“बाबा म्हणतायत, पुरे,” मुलगी म्हणाली. टाळ्या पडल्या.

“छान झालं,” घरी आल्यावर बायको म्हणाली. “तुमच्याबद्दल बरीच नवी माहिती मिळाली सगळ्यांना.”

त्यांनी कागद उलगडून खालचा भाग तिच्यापुढे धरला. तिने तो न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकला आणि त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली.

“ही पहिली. विसावी गिळलीत, की वाचीन.”

त्यांनी निमूटपणे गिळली.

“आता आ करा,” बायको बॅटरी पेटवत म्हणाली. “जीभ वर. खाली काय लपवलंय ते बघू दे.”