अकरा वाजताचं अस्वल

"आस्लाक, ऐकलंस का? अस्वल आहे म्हणे!"

हाल्डिसबाई बिछान्यात ताडकन उठून बसल्या. खोलीच्या छतातल्या भोंग्यातून मारितचा आवाज नुकताच येऊन गेला होता. "मंडळी, पांढरं अस्वल! अकरा वाजता! किनाऱ्यावर!"

आस्लाकरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नऊला दहा कमी. "अकराला," ते म्हणाले, आणि उशाखालची वही काढून त्यांनी नोंद केली: अस्वल, ११.००.

आता यात त्यांची चूक म्हणाल, तर काहीच नाही. आमच्याकडे जहाजावर दिशा घड्याळानं सांगतात. जहाजाचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, शेपूट सहा. अकरा वाजता म्हणजे नाकाच्या जरासं डावीकडे, आणि तेही आत्ता, या घटकेला. पहिल्याच दिवशी 'लोम्वी' जहाजावरच्या सगळ्या प्रवाशांना दिवाणखान्यात बसवून मारितनं हे समजावलं होतं. ती वाटाडी, ते तिचं कामच. पण त्या दिवशी समुद्रानं हाल्डिसबाईंचं पोट पार ढवळून काढलं होतं आणि आस्लाकराव खोलीत त्यांच्यापुढे बादली धरून उभे होते. त्यातून माणूस हालिंगडालच्या डोंगरखोऱ्यातला, अडतीस वर्षं शाळेची बस चालवलेला. त्याच्या लेखी अकरा म्हणजे अकरा.

डोक्यावर डेकवरून धाडधाड पावलं पळाली. कुणीतरी जिन्यात धडपडलं, कुणीतरी कॅमेरा राहिला म्हणून उलटं पळालं.

"बघ, बघ ही माणसं," हाल्डिसबाई म्हणाल्या. "दोन तास आधीपासून जागा धरायला धावतायत. जनाची नाही तर मनाची तरी असावी."

"हं," आस्लाकराव म्हणाले.

हे त्यांच्या मानानं पुष्कळ झालं. डोंगरातले आमचे पुरुष तसे सगळेच कमी बोलणारे, पण आस्लाकराव त्यांच्यातही वरचढ. लग्नाची मागणी घालताना त्यांनी बसचं दार उघडून "येतेस?" एवढंच विचारलं होतं. हाल्डिसबाई चढल्या, त्या एक्कावन्न वर्षं उतरल्या नव्हत्या. बोलण्याचं खातं पहिल्यापासून त्यांच्याकडेच.

दोघांनी सावकाश आवरलं. आस्लाकरावांनी दाढी केली, टाय बांधला. जेवणघरात चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे तपकिरी चीजची अख्खी वडी त्यांच्या वाट्याला आली. "गर्दी नाही ते किती बरं," म्हणत हाल्डिसबाईंनी तिसरा कप कॉफी घेतली. वर डेकवर त्या वेळी चाळीस माणसं श्वास रोखून अस्वलाकडे बघत होती. अस्वल बसलं, लोळलं, जांभई दिली. बेर्गनच्या निवृत्त मुख्याध्यापिका गेर्डबाईंनी त्याचे चारशे फोटो काढले. साडेनऊला ते टेकडीपलीकडे निघून गेलं, आणि कप्तान स्वेरेंनी जहाज शेजारच्याच हिमनदीकडे वळवलं.

अकराला पाच मिनिटं असताना हे जोडपं डेकवर आलं. हाल्डिसबाईंनी लिपस्टिक लावली होती. आस्लाकरावांच्या गळ्यात दुर्बीण होती.

"अगंबाई, पुढची जागा रिकामी! सगळे गेले कुठे?" कठडा चाचपडत हाल्डिसबाई म्हणाल्या.

"कशासाठी जागा, काकू?" मारितनं विचारलं.

"अस्वलासाठी गं. अकराच्या. तूच नाही का सांगितलंस?"

मारितच्या घशात कॉफी अडकली. तिनं आस्लाकरावांकडे पाहिलं. त्यांनी वही उघडून पुढे केली. आली का पंचाईत! सरळ सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात हाल्डिसबाईंनी तिचा हात धरला.

"तुला म्हणून सांगते पोरी. माझ्या डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाला, नाताळपर्यंत तेही जाईल. माझं लहानपणापासून एकच खूळ. पांढऱ्यावर पांढरं दिसतं तरी कसं, ते एकदा बघायचंय. मग डोळे गेले तर जाऊ देत मेले."

मारितचं तोंड मिटलं. शेवटी ती म्हणाली, "काकू, आज जरा... उशीर होतोय त्याला."

"किती?" आस्लाकरावांनी विचारलं.

"वीस मिनिटं?"

आस्लाकरावांनी वहीत लिहिलं: ११.२०. आणि मान हलवली. हा असला कारभार त्यांनी शाळेच्या बसमध्ये एक दिवस खपवून घेतला नसता.

मारित वर कप्तानाकडे धावली. स्वेरे कप्तान सगळं ऐकून डोकं धरून बसले. "अगं, गेलं ते! आता काय निरोप धाडू त्याला? आणि अस्वलाच्या मागे लागायला बंदी आहे, तुला माहीत नाही?"

"मागे कुठे लागायचंय? होतो तिथे परत जाऊ. आलं तर आलं."

"आणि हिमनदी?"

"हिमनदी कुठे पळतेय?"

जहाज वळलं. जहाज वळल्याबरोबर आत गरम कॉफी पीत बसलेली सगळी मंडळी डेकवर आली. का वळलं, विचारू लागली. मारितनं एकाच्या कानात सांगितलं, त्यानं दुसऱ्याच्या, आणि गेर्डबाईंपर्यंत पोचेस्तोवर त्याचं असं झालं की, अकराचं अस्वल लेट आहे.

गेर्डबाई तरातरा मारितकडे आल्या. "म्हणजे वेळापत्रक आहे? मग ते आम्हाला का दिलं नाही? वॉलरस किती वाजता आहेत?"

"गेर्डबाई, हळू बोला ना!"

"मी बेचाळीस वर्षं शाळेत हळूच बोलले!" त्या ओरडल्या. मारितनं त्यांना खांबाआड ओढलं आणि खरी गोष्ट सांगितली. गेर्डबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आपली लोकरी शाल काढून त्यांनी हाल्डिसबाईंच्या खांद्यावर टाकली आणि शेजारी उभ्या राहिल्या.

अकरा वीस झाले. अकरा चाळीस झाले. बोचरं वारं सुटलं. कुणी आत गेलं नाही. एव्हाना खरी गोष्ट सगळ्यांना कळली होती, फक्त त्या दोघांना सोडून, आणि आता ती सांगायची कुणाची छाती होत नव्हती. चाळीस दुर्बिणी किनारा विंचरत होत्या. किनाऱ्यावर काळी खडी, शेवाळ, बर्फाचे तुकडे आणि एक रेनडियर. अस्वलाचा केससुद्धा नाही.

"दिसलं का गं कुणाला?" हाल्डिसबाई दर पाच मिनिटांनी विचारत. त्यांचे ओठ लिपस्टिकखाली निळे पडले होते. "घाई नाही हो. सावकाश येऊ दे त्याला."

बाराच्या सुमाराला गेर्डबाईंना ते सहन होईना. त्यांनी हात वर केला आणि ओरडल्या, "ते बघा! तिथे! उतारावर!"

सगळ्या दुर्बिणी वळल्या. उतारावर एक धोंडा होता. पिवळट पांढरा, गोलसर, अर्धा बर्फात रुतलेला. सगळ्यांना तो दिसला आणि धोंडाच आहे हेही दिसलं. गेर्डबाईंना तर सगळ्यांच्या आधी दिसलं. त्यांचा चेहरा पार उतरला.

"खरंच?" हाल्डिसबाईंनी विचारलं. त्यांनी मान वाकडी केली, डोळ्याच्या कडेनं बघायला. "आस्लाक! आहे?"

आस्लाकरावांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे दोन दिवसांत सगळ्यांना कळून चुकलं होतं. मारितनं डोळे मिटून घेतले.

"आहे," आस्लाकराव म्हणाले.

मानला तर देव, नाही तर धोंडा.

"काय करतंय?"

"बसलंय." ते थांबले. घसा खाकरला. "पाठ करून बसलंय. पाठ रुंद आहे. तुझ्या भावाच्या कोठारासारखी. पांढरं म्हणतात, पण तसं नाही गं ते. सायीसारखं आहे. खालचा बर्फ निळा आहे, म्हणून ते वेगळं दिसतं. आता उठतंय. नाक वर केलंय. वास घेतंय आपला."

"अगंबाई!"

"मादी आहे," मारित म्हणाली. बारा वर्षांच्या नोकरीत तिनं कधी रेनडियरला कोल्हा म्हटलं नव्हतं, आज धोंड्याला मादी म्हणाली.

"मादीच," आस्लाकराव म्हणाले. "मागे पिल्लं आहेत. दोन. एक दुसऱ्याच्या पायात येतंय. पडलं. आई थांबली. मागे वळून बघतेय. तू नाही का बघायचीस, आपली लेक लिव शाळेत जाताना? तशी."

हाल्डिसबाईंनी त्यांची बाही घट्ट धरली होती. आस्लाकराव बोलत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पंजे कसे आत वळलेत, चालताना पार्श्वभाग कसा डुलतो, पिल्लांच्या नाकाला चिखल लागलाय, सगळं सांगत होते. कप्तान वरून खाली उतरून आले आणि टोपी काढून ऐकत उभे राहिले. गेर्डबाई उघड उघड रडत होत्या. त्यांच्या कॅमेऱ्यात खऱ्या अस्वलाचे चारशे फोटो होते, पण असं अस्वल काही त्यांना दिसलं नव्हतं.

"आणि ते तिसरं पिल्लू..." आस्लाकराव म्हणाले.

"तिसरं?" हाल्डिसबाई म्हणाल्या. "मघाशी दोन होती."

आस्लाकरावांचे कान हळूहळू लाल झाले.

"आस्लाक," त्या अगदी हळू म्हणाल्या, पण डेकवर इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "दगड आहे ना रे तो?"

आस्लाकरावांनी दुर्बीण खाली घेतली. मारितला वाटलं, आत्ताच्या आत्ता समुद्रात उडी घ्यावी.

"हो," आस्लाकराव म्हणाले.

"मला मघाशीच कळलं. खरं अस्वल असतं तर तू 'अस्वल' एवढंच म्हणाला असतास आणि कॉफी प्यायला गेला असतास." हाल्डिसबाईंनी शालीच्या टोकानं डोळे टिपले. त्या हसत होत्या. "एक्कावन्न वर्षं वाट बघितली रे मी. म्हटलं, आता बोलेल, मग बोलेल."

आस्लाकरावांनी खाली पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं.

"मग आता?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आता काय? थांबलास का? ते तिसरं कुठे गेलं, सांग की!"

आस्लाकरावांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली आणि धोंड्यावर रोखली.

"पाण्यात शिरलंय," ते म्हणाले. "आई ओरडतेय त्याला."